बद्द की खणखणीत

बर्स्लेमच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी ताटल्या वाजवून पाहिल्या.
बोटाचं पेर, एक टिचकी, कान जवळ.
खणखणीत असेल ती पेटीत, गवतात गुंडाळून.
बद्द बोलली की मागच्या ढिगाऱ्यात.
तडा डोळ्यांना सापडायच्या आधी
कानाला सापडतो.

म्हणून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
कामगार क्लबात बिलियर्डच्या टेबलावर चादर अंथरून
ही मंडळी सोलच्या तबकड्यांच्या पेट्या उघडतात
तेव्हा एक खुर्ची माझीही असते,
खिडकीजवळची, डुगडुगणारी.

नेव्हिल वॉर्डल सुती हातमोजे घालतो.
ग्लिन टॅम्स आधी पाकिटाचा वास घेतो,
बाळाची टाळू हुंगावी तसा.
तरुणपणी दोघे फरशीवर पावडर शिंपडून
पहाटेपर्यंत नाचले, आता गुडघे बोलतात.

वाद नेहमीचाच. अर्लीन पेटवे,
टोलेडो, ओहायो, सहासष्ट साल.
दोन मिनिटं अकरा सेकंद,
आणि शेवटचा शब्द अर्ध्यातच तुटतो.
नेव्हिल म्हणतो, छापणाऱ्याची चूक,
दोनशे पौंड, तेही ओरखडा नसेल तर.
ग्लिन म्हणतो, चूक कसली, मुद्दाम आहे ते,
पाय हवेत असताना जमीन काढून घेतलीय तिनं,
आठशेच्या खाली हात लावू देणार नाही.
मग तो पोरगा, ऑस्विन, केक खाता खाता विचारतो,
दुर्मिळ आहे म्हणून चांगली म्हणता,
की चांगली म्हणून दुर्मिळ?
चांगली असती तर तेव्हाच खपली नसती का?

यावर कोणी बोलत नाही.
कारण ते खरं असेल तर त्या पेट्या म्हणजे
न खपलेल्या मालाचं गोदाम
आणि त्यात यांची चाळीस वर्षं.
नेव्हिल उगाच मोजे काढून पुन्हा घालतो.

गेल्या शरदात भाचीकडे गेले होते.
ती टोलेडोला नर्स आहे.
मी पत्ता काढत काढत विल्हेल्मिना क्रेशॉच्या दाराशी पोचले.
मागे उभं राहून ऊऊ म्हणणाऱ्या तिघींपैकी ही उरलेली.
तिनं लोण्याचा केक कापला आणि हसत सुटली.
छापणारा? मुद्दाम?
अगं, स्टुडिओचा तास भरला.
पुढच्या तासाला अकरा डॉलर लागत होते,
आमच्या सगळ्यांच्या खिशातून मिळून निघाले सात.
बेसवाल्याला काचेच्या कारखान्यात रात्रपाळी होती.
अर्लीन त्या शब्दावर होती आणि
पलीकडच्या माणसानं बटण दाबलं.

अर्लीन?
शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं.
कोणी इंग्लंडात तिच्यावर नाचतंय
हे तिला कळलं नाही. कळलं असतं तर
म्हणाली असती, मग भाडं द्या.

आणि तो शब्द?
विल्हेल्मिना बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.
कधी कधी भांडी घासताना पुरा म्हणायची.
मला वाटायचं, लक्षात राहील.

निघताना सवयीनं मी ताटलीला टिचकी मारली.
बद्द. काठापासून केसाएवढा तडा.
माझ्या हातून ही कधीच सुटली नसती.
ती म्हणाली, लग्नातली आहे,
रोज हिच्यातच जेवते.

परत आले. दुसरा रविवार.
चार डॉलरची गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.
नेव्हिल हरला असता, ग्लिनही,
आणि किंमत मात्र हजारावर गेली असती.

सुई टेकते. ढोल किंचित मागे,
बाई किंचित पुढे, दोघांमध्ये एक फट
जिच्यातून थंड हवा येते.
दोन मिनिटं अकरा. तुटला.
आता मला घड्याळ ऐकू येतं,
काचेपलीकडचं.

ग्लिन वळून विचारतो,
काय मेव्हिस, एवढ्या ताटल्या वाजवल्यास,
बद्द की खणखणीत?

मी म्हणते, परत लाव.